जुनं चित्र विकण्याआधी एकदा पालथं करून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवर्म्याचं चित्र लिलावात अमुक कोटींना गेलं अशी बातमी पेपरात आली की पुढच्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात देवीची प्रत्येक तसबीर एकदम "ओरिजिनल रविवर्मा" होते, आणि दुसरीकडे त्याच आठवड्यात कुठल्यातरी वाड्याची आवराआवर होऊन त्यातली खरोखर हाताने रंगवलेली, पण सहीचा माणूस कुणाला माहीत नाही म्हणून टाकून दिलेली चित्रं भंगारवाल्याच्या हातगाडीवर फ्रेमच्या लाकडाच्या भावात जातात. या दोन्ही गोष्टी मी बरीच वर्षं बघतेय. शाळेत चित्रकला शिकवत होते, आता निवृत्त आहे, आणि बुधवार-रविवार जुन्या बाजारात चक्कर टाकायची सवय अजून सुटलेली नाही. त्यामुळे ओळखीचे, माजी विद्यार्थी, त्यांचे शेजारी असे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, "बाई, हे किती जुनं असेल? कोणाचं असेल?" म्हणून. फोटो नेहमी पुढून काढलेला असतो. माझं उत्तर नेहमी तेच, की आधी चित्र पालथं करा आणि पाठीचा फोटो पाठवा.

पाठीवर काय काय असतं ते लोकांना खरंच माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. फ्रेमवाल्याची चिठ्ठी असते, दुकानाचं नाव-पत्ता छापलेली. त्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच, कारण पिनकोड सुरूच त्या दिवशी झाला. नुसतं 'बॉम्बे ४' असं, म्हणजे गावाचं नाव आणि टपाल विभागाचा एक छोटा आकडा, असेल तर बहुतेक त्याआधीची (बहुतेक अशासाठी म्हणते की जुन्या छापलेल्या चिठ्ठ्या दुकानदार संपेपर्यंत वापरतातच). इंग्रजीत 'पूना' असेल तर साधारण १९७८ च्या आधीची, 'बॉम्बे' असेल तर १९९५ च्या आधीची. हे इंग्रजी चिठ्ठ्यांपुरतं, मराठीत आपण पहिल्यापासून पुणे आणि मुंबईच लिहीत आलोय. किंमत आण्यात लिहिलेली असेल तर १९५७ च्या आधी जा, 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ यांच्या मधे. 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या अलीकडे यायला नको. एवढं सगळं कुठल्याही तज्ज्ञाला न विचारता घरबसल्या कळतं, फक्त कुणीतरी ती चिठ्ठी फाडून टाकलेली नसावी लागते.

आणि नेमकी तीच फाडली जाते. जुनी तसबीर फ्रेमवाल्याकडे दिली की तो पहिल्यांदा मागचा पुठ्ठा, त्यावर चिकटवलेला पेपर, गंजलेले खिळे सगळं उचकटून कचऱ्यात टाकतो आणि मागे नवीन एमडीएफची (दाबून केलेल्या भुश्शाची) फळी ठोकतो, त्याच्या दृष्टीने ते घाण काम असतं, त्याचा दोष नाही. पण त्या कचऱ्यात चित्राचा जन्मदाखला गेलेला असतो. मी एका ओळखीच्या काकूंच्या घरची तसबीर उघडताना समोर होते, पुठ्ठ्याच्या आत जुन्या मराठी पेपराचं पान होतं, युद्धाच्या बातम्या आणि कोपऱ्यात रेशनच्या तांदळाची जाहिरात. तारखेचा कोपरा कापला गेला होता तरी बातम्यांवरून दुसरं महायुद्ध कळत होतं. आता याचा अर्थ चित्र तेव्हाचं असा नाही होत. याचा अर्थ एवढाच की ही फ्रेम त्या पेपराच्या आधी केलेली नाही, चित्र त्याहून कितीतरी जुनं असू शकतं. हा फरक विक्रेते मुद्दाम पुसट करतात, मागे जुना पेपर दाखवून पुढचा कालपरवाचा प्रिंट विकतात. जुनी फ्रेम आणि नवं चित्र हे लग्न जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात सर्रास लावलं जातं.

आता रविवर्म्याचंच घेऊ, कारण दहातले बरेच फोटो त्याचेच येतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाछापखाना (दगडावर चित्र काढून त्यावरून कागदावर छापायचा) काढला, पहिलं छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं चित्र. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. रविवर्मा १९०६ साली गेले. छापखाना मात्र त्यांच्याच नावाने पुढे कित्येक दशकं चालला, त्यात इतर चित्रकारांची चित्रंही छापली गेली, आणि १९७२ च्या आगीत तो संपला. म्हणजे चित्राखाली 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असं असलं तर त्यावरून छापखाना कळतो, रविवर्म्याचा हात लागलाय असं त्यातून सिद्ध होत नाही. कोपऱ्यातली सही दगडावरच काढलेली असते, चित्राबरोबर छापून आलेली. सहीशेजारी साल असलं तर ते मूळ चित्राचं, तुमच्या हातातला कागद त्याच्यानंतर वीस-तीस वर्षांनीही छापलेला असू शकतो. त्यात भर म्हणजे या चित्रांच्या नकला दुसऱ्या छापखान्यांनीही मारल्या.

मग ओळखायचं कसं? भिंग घ्या. घड्याळवाले किंवा सोनार वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग फार महाग नसतं. देवीच्या गालावर धरा, जिथे रंग हलकेच बदलतो तिथे. जुनी शिळाछाप असेल तर ठिपके वेडेवाकडे दिसतात, कमीजास्त आकाराचे, हाताने टिंबं दिल्यासारखे, कारण ते कारागिराने दगडावर खरंच हाताने दिलेले असतात आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड असायचा. कुठे कुठे एक रंग दुसऱ्याच्या कडेबाहेर केसभर सरकलेला दिसतो, साडीच्या काठाला किंवा ओठाला बघा. याउलट अगदी शिस्तीत, सारख्या अंतरावर, निळा-गुलाबी-पिवळा-काळा अशा ठिपक्यांची छोटी छोटी फुलं दिसली तर ती ऑफसेटची छपाई, नंतरच्या काळातली. आणि ठिपक्यांचा नुसता बारीक फवारा दिसला तर ते आजच्या प्रिंटरवर काढलेलं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की आयुष्यात विसरत नाही, मी वर्गात मुलांना भिंग देऊन कॅलेंडरच्या पानावर दाखवायचे तेव्हा मुलं तास संपला तरी भिंग सोडायची नाहीत.

दुसरी एक स्वस्तातली वस्तू म्हणजे नोटा तपासायची जांभळी बत्ती. अंधारात कागदावर धरा. साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळणारी रसायनं घालायला लागले, तो कागद या बत्तीखाली निळसर चमकतो. शंभर वर्षांपूर्वीचा म्हणून विकलेला कागद असा चमकला तर विषयच संपला. चमकला नाही तर मात्र जुनाच असं नाही, नवीन हातकागदही चमकत नाही. चहाच्या पाण्यात बुडवून केलेला जुनेपणा पण असाच पकडता येतो, तो सगळीकडे एकसारखा पिवळा असतो. खरा जुना कागद माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकलेल्या भागात वेगळ्या रंगाचा आणि उघड्या भागात वेगळ्या रंगाचा होतो, दमटपणाचे तपकिरी डाग त्यावर कुठेही कसेही उठतात.

आणि कृपा करून चित्र ओल्या फडक्याने पुसू नका. बटाट्याने, ब्रेडने, लिंबाने जुनी चित्रं साफ करायचे व्हिडिओ फिरतायत, माझ्याकडे आलेल्या एका जलरंगातल्या घाटाच्या चित्राचं आकाश असंच पुसून गेलेलं होतं, सहीसकट. जलरंग म्हणजे पाण्यातच विरघळणारा रंग, तो ओल्या फडक्यापुढे कसा टिकणार.

महाराष्ट्रातल्या घरांमधे अजून एक प्रकार फार सापडतो तो म्हणजे आजोबा-पणजोबांचं मोठं "ऑइल पेंटिंग". पागोटं, उपरणं, हातात काठी. यातली पुष्कळशी मुळात फोटो असतात, मोठा करून काढलेल्या फोटोवर पेंटरने रंग चढवलेला. कडेला माउंट जिथे संपतो तिथे फोटोचा गुळगुळीत कागद दिसतो, कान आणि हाताची बोटं नीट बघितली की खालचा फोटो कळतो, आणि कोपऱ्यात स्टुडिओचा उठावदार शिक्का दाबलेला असतो. लोक हे कळल्यावर हिरमुसतात पण मला ही चित्रं फार मोलाची वाटतात. त्या पेंटरांनी सिनेमाचे बोर्ड रंगवले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, नाटकांचे पडदे रंगवले, आणि त्यांची नावं आता फक्त या सह्यांमधे उरलीत. स्टुडिओचं नाव आणि गाव मिळालं की त्या गावात चौकशी करून पेंटरचं घर सापडण्याची शक्यता खूप असते.

कॅलेंडरं आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं फ्रेम करून ठेवायची पण आपल्याकडे रीतच होती. रघुवीर मुळगावकर (१९१८ ते १९७६), दीनानाथ दलाल (१९१६ ते १९७१), एस. एम. पंडित (१९१६ ते १९९३) यांची चित्रं अशी घराघरात देवघराच्या वर होती. ती जुन्या बाजारात "हॅण्डमेड" म्हणून येतात. फ्रेम उघडून खालची कड बघा, तिथे कंपनीच्या नावाची पट्टी कापलेली किंवा माउंटखाली दुमडलेली असते, तारखांच्या पॅडच्या पिनांची भोकं असतात. पट्टी शिल्लक असेल तर साल, छापखाना, कंपनी सगळं एका ओळीत मिळतं. त्याच्याही आधीचं म्हणजे पुण्याची चित्रशाळा, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली सहकाऱ्यांबरोबर काढलेली. तिथल्या पेशव्यांच्या आणि रामपंचायतनाच्या शिळाछाप चित्रांखाली चित्रशाळेचं नाव छापलेलं असायचं. पुण्यातल्या जुन्या पेठांमधल्या माळ्यांवर ती अजून सापडायला हवीत, आणि माळे रोज रिकामे होतायत.

खरोखर हाताने काढलेलं चित्र असेल तर काम अवघड होतं पण मजाही तिथेच आहे. कॅनव्हासच्या मागे रंगसाहित्याच्या कंपनीचा शिक्का असतो, विन्सर अँड न्यूटनसारखा. कागद उजेडापुढे धरला तर त्यात जलचिन्ह दिसतं, व्हॉटमन या इंग्रजी कंपनीच्या कागदात कधी कधी सालच असतं आणि चित्र त्या सालाच्या आधीचं असूच शकत नाही. मागे प्रदर्शनाची चिठ्ठी असेल तर लॉटरीच लागली म्हणायची. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासून, त्यांच्या वार्षिक प्रदर्शनांच्या चिठ्ठ्यांवर चित्रकार, चित्राचं नाव आणि किंमत असायची आणि कॅटलॉगमधे ती नोंद शोधता येते. सहीपुढे 'जी. डी. आर्ट' असेल तर माणूस कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेला. ड्रॉइंग पेपरच्या कोपऱ्यात परीक्षेचा शिक्का आणि बैठक क्रमांक असेल तर ते एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं विद्यार्थ्याचं काम. काही चित्रकार स्वतःच साल घालत, धुरंधरांच्या (१८६७ ते १९४४) कितीतरी चित्रांवर सहीबरोबर साल सापडतं, त्यामुळे त्यांच्या कामाची संगती लावणं पुढच्यांना सोपं गेलं.

सही आणि नाव हरवलं की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. हातात दिवा धरलेली, जांभळट साडीतली बाई, बोटांतून झिरपणारा उजेड, हे चित्र तुम्ही शंभर ठिकाणी बघितलं असेल, हॉटेलात, दवाखान्यात, कॅलेंडरवर. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहात आहे. ते रविवर्म्याचं म्हणून आजही बिनदिक्कत विकलं जातं. ते काढलंय सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी (१८८२ ते १९६८), १९४५-४६ च्या सुमारास, म्हणजे रविवर्मा जाऊन चाळीस वर्षं होत आल्यावर, आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. ते जलरंगात आहे, रविवर्म्यांचं नाव तैलरंगासाठी. इतकी माहिती उपलब्ध असताना, संग्रहालयाच्या भिंतीवर असलेल्या चित्राच्या बाबतीत जर लोक खऱ्या चित्रकाराचं नाव विसरतात तर कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या ड्रॉइंग मास्तरांनी काढलेल्या घाटाच्या चित्राचं काय होत असेल? मला याचं मनापासून वाईट वाटतं. माणसाने आयुष्य घालवून कमावलेला हात असतो तो.

मोबाइलवर फोटो टाकून शोधायची सोय आता झालीये, ती छापील चित्रांसाठी चांगली आहे, मूळ चित्र कोणतं ते झटकन सापडतं. पण कमी माहितीतल्या चित्रकारांसाठी ती भलतंच नाव देते, कारण त्यांची चित्रं कुणी इंटरनेटवर टाकलेलीच नाहीत. तिथे उपयोग होतो तो डोळ्यांचा. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात जाऊन उभं राहा, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेली आपल्याकडच्या चित्रकारांची मूळ कामं तिथे जवळून बघता येतात. रंगाचा थर, कुंचल्याची धाव, सही कुठे आणि कशी करतात हे एकदा बघून घेतलं की बाजारातल्या चित्रापुढे माणूस लगेच भुलत नाही.

एक कायद्याची गोष्टही सांगते कारण परदेशी राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांना जुनं चित्र भेट पाठवायची हौस बऱ्याच घरांत असते. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं चित्र देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा नऊ चित्रकारांची मूळ चित्रं तर वय काहीही असो, बाहेर जात नाहीत. चित्र तितकं जुनं नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येतो, तो आधी घ्या, विमानतळावर वाद घालू नका.

आता मुद्द्याची मागणी. आपल्याकडे १८५७ पासून जे. जे. स्कूल आहे, पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आहे, बाकी जिल्ह्यांत पण कला महाविद्यालयं आणि संग्रहालयं आहेत. महिन्यातला एक शनिवार तिथे लोकांना घरची किंवा बाजारात घेतलेली चित्रं आणून दाखवता आली पाहिजेत. दोन अनुभवी शिक्षक, चार विद्यार्थी, एक भिंग, एक बत्ती आणि एक वही एवढ्यावर हे चालू होईल. किंमत कुणी सांगायची नाही, नाहीतर तिथे दलाल गोळा होतील. फक्त पुढून-मागून फोटो, सहीचा वेगळा फोटो, कुठून आलं ती हकीकत, आणि कळलं तेवढं वय नि नाव वहीत. अशा वह्या पाच वर्षं भरल्या तर महाराष्ट्रातल्या सह्यांचा असा संग्रह तयार होईल जो आज कुठेच एका जागी नाही. चित्रकारांचा चरित्रकोश मराठीत झालेला आहे, पण त्यात नाव शोधायला आधी सही वाचता आली पाहिजे ना, आणि ती वाचायला दुसऱ्या चार सह्या शेजारी ठेवाव्या लागतात.

फ्रेमवाल्यांनाही एक विनंती करायची आहे, जुनी तसबीर उघडली की मागची चिठ्ठी आणि पुठ्ठा एका पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत द्या आणि ते पाकीट नवीन फ्रेमच्या मागे लावा. आणि घरात चित्र असलेल्यांनी आजच मागे मऊ पेन्सिलीने कागदाच्या पट्टीवर लिहून ठेवावं, कुणी काढलं, कधी, कुणाच्या घरातून आलं. पट्टी पुठ्ठ्याला लावा, थेट चित्राच्या कागदावर नको, आणि सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा डाग कधी जात नाही.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आठवड्याला एक असं बेनाव चित्र छापता आलं तर बघा, पुढची बाजू, पाठ आणि सही मोठी करून. आपला पेपर गावोगाव जातो, ऐंशी-नव्वदीतले वाचक आहेत ज्यांना हे मास्तर आणि हे पेंटर प्रत्यक्ष आठवतात, ही माणसं अजून आहेत तोवरच हे होण्यासारखं आहे. सुरुवात म्हणून माझ्याकडच्या एका जलरंगाचे फोटो सोबत पाठवतेय. नदीचा घाट, दोन होड्या, डावीकडे पिंपळाचा पार. सही देवनागरीत आहे, शेवटची अक्षरं 'कर' स्पष्ट आहेत, आधीचं एक अक्षर 'ळ' किंवा 'क' असावं. मागे प्रदर्शनाच्या चिठ्ठीचा फाटका तुकडा आहे, त्यावर किंमत फक्त उरलीये, रुपये ४५. घाट ओळखीचा वाटला तरी कळवायला सांगा, गाव कळलं तरी पुढचं शोधता येईल.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, पुणे